सरळ केसांचं वाकडं दुखणं

रिबाँडिंग केलं, केस मस्त सुळसुळीत झाले, ऑफिसात कॉम्प्लिमेंट्सचा पाऊस पडला... आणि काही महिन्यांनी केस तुटायला लागले. असं का होतं? आणि झालंच, तर करायचं काय?

लंच अवरमध्ये ऑफिसच्या लेडीज वॉशरूममध्ये जरा पाच मिनिटं उभं राहून बघा. निम्म्या गप्पा अप्रेझलच्या असतात आणि उरलेल्या निम्म्या केसांच्या! ‘कुठे केलंस गं?’, ‘किती घेतले?’, ‘किती दिवस टिकतं?’ हे तीन प्रश्न तर ठरलेलेच. चौथा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ‘आणि त्यानंतर काय?’

तो ‘त्यानंतर’वाला एपिसोड मी गेल्या वर्षी अगदी घरात बसून पाहिला. माझी रूममेट खराडीच्या एका कंपनीत एचआरला आहे. मूळची साताऱ्याची, केस जन्मजात कुरळे आणि दाट. पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळी बोनसमधून तिने रिबाँडिंग करून घेतलं. सात महिन्यांनी मुळाशी कुरळे केस डोकावायला लागले, म्हणून टचअप केलं. त्यानंतर दीड महिन्याने एका रविवारी ती कंगवा हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. कंगव्यात केसांचे बोटभर लांबीचे तुकडे होते. कपाळाजवळचे आणि मानेवरचे केस तर असे दिसत होते की कुणीतरी बोथट कात्रीने कुरतडलेत.

आणि टायमिंग बघा. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न होतं! बघण्याच्या कार्यक्रमात होणाऱ्या सासूबाईंनी ‘मुलीचे केस काय छान सरळ आहेत’ असं कौतुक केलेलं. त्यामुळे तिचं एकच पालुपद सुरू झालं. ‘पुन्हा एकदा स्ट्रेट करून घेते. निदान लग्नापर्यंत तरी निभावेल.’

निभावलं असतं का? याचं उत्तर शोधायला मी त्वचारोगतज्ज्ञ गाठले, पार्लरं पालथी घातली आणि केसांच्या केमिस्ट्रीवर जे काही हाताला लागलं ते वाचून काढलं. त्याचं सार इथे देतेय.

गळणं वेगळं, तुटणं वेगळं

पहिला धडा डॉक्टरांकडे मिळाला. आपण सरसकट ‘केस गळतायत’ म्हणतो, पण गळणं आणि तुटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल समजलं जातं. गळलेला केस मुळापासून येतो, त्याच्या एका टोकाला छोटासा पांढरा गोंडा दिसतो. तुटलेल्या केसाला तो गोंडा नसतो. तुकडे छोटे आणि कमी-जास्त लांबीचे असतात.

हा फरक महत्त्वाचा का? तर मुळापासून गळणाऱ्या केसांचं कारण शरीरात असू शकतं. मोठा ताप, बाळंतपण, क्रॅश डाएट, लोहाची कमतरता, थायरॉइड... तिथे रक्त तपासावं लागतं. तुटणाऱ्या केसांचं कारण बहुतेकदा बाहेरचं असतं. आपण केसांना काय केलं, ते शोधावं लागतं. तुटण्यावर बायोटिनच्या गोळ्या खाऊन उपयोग नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस हा जिवंत भाग नव्हेच. त्याला रक्तपुरवठा नाही, नस नाही. नखासारखाच तो. म्हणून तर कापताना दुखत नाही!

घरी करायची आणखी एक सोपी टेस्ट आहे. ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. चांगला केस थोडा ताणला जातो आणि परत जागेवर येतो. डॅमेज झालेला केस च्युइंग गमसारखा लांबत जातो आणि तटकन तुटतो. रूममेटचा केस च्युइंग गम निघाला.

आत नेमकं होतं काय?

केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रोटीनचा बनलेला असतो. या प्रोटीनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. शिडीच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. केसाचा आकार आणि मजबुती, दोन्ही बऱ्याच अंशी या पायऱ्यांवर अवलंबून आहेत. वरून केसाला खवल्यांचं आवरण असतं, कोकणातल्या घरावर एकावर एक कौलं असतात ना, अगदी तसं.

रिबाँडिंगचं क्रीम काय करतं? आधी ही कौलं उचकटतं आणि मग आतल्या पायऱ्या तोडतं. आपल्याकडे रिबाँडिंगला बहुतेक ठिकाणी थायोग्लायकोलेट नावाचं रसायन वापरतात. तो अंडं नासल्यासारखा वास त्याचाच. पायऱ्या तुटल्या की केस मऊ पडतो, गरम आयर्नने तो सरळ करतात आणि मग न्यूट्रलायझर लावून पायऱ्या नव्या जागी पुन्हा जोडतात. म्हणून नाव ‘रि-बाँडिंग’. पण गंमत अशी, की तोडलेल्या सगळ्याच पायऱ्या पुन्हा जुळत नाहीत. थोडी शिडी कायमची खिळखिळी होते.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया वापरतात ते ‘रिलॅक्सर’ याहून जहाल. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चक्क कॉस्टिक सोडा असतो, किंवा ‘नो-लाय’ नावाखाली त्याची चुलत भावंडं. पाण्याचा पीएच ७, थायोच्या क्रीमचा साधारण ९ आणि रिलॅक्सरचा १२ च्या वर. रिलॅक्सरने तुटलेली पायरी पूर्वीसारखी कधीच जुळत नाही. आणि थायोने रिबाँड केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर लावला, तर केस हातात येतात. दोन्हींचं अजिबात जमत नाही. त्यामुळे ‘मागच्या वेळी काय लावलं होतं?’ हे न विचारता क्रीम कालवायला घेणाऱ्या पार्लरमधून सरळ उठून यावं.

टचअपचा घोळ

मग रूममेटचं बिनसलं कुठे? पहिल्या वेळी नव्हे, दुसऱ्या वेळी.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. सात महिन्यांत मुळाशी सातेक सेंटीमीटर नवा कुरळा केस आला होता. टचअपमध्ये क्रीम फक्त या नव्या केसाला लावायचं असतं. खालच्या, आधीच खिळखिळ्या झालेल्या शिडीवर तेच क्रीम पुन्हा चढलं, की उरल्यासुरल्या पायऱ्याही जातात. आणि जिथे नवा केस संपून जुना सुरू होतो, तो जोड सगळ्यात नाजूक. वर कुरळा मजबूत केस, खाली सरळ आणि कमकुवत. कंगवा तिथेच अडकतो आणि केस तिथेच तुटतो.

सदाशिव पेठेत दोन खुर्च्यांचं पार्लर चालवणाऱ्या एका ताईंशी मी बोलले. रूममेटचं काम त्यांनी केलेलं नव्हतं, त्यामुळे त्या अगदी मोकळेपणाने बोलल्या. ‘मॅडम, टचअपला रूटवरच लावायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण त्याला बारीक बारीक सेक्शन घ्यावे लागतात, तीन तास मोडतात. शनिवारी मागे चार क्लायंट बसलेल्या असतात. मग हात खाली घसरतोच. आणि मुलीच म्हणतात, ताई, खालपर्यंत लावा ना, जास्त दिवस टिकेल!’

आता बोला!

शिलाई मशीनपासून सोड्याच्या कॅनपर्यंत

सरळ केसांचं हे वेड काही आपल्याकडेच जन्मलेलं नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला गॅरेट मॉर्गन नावाचा एक कृष्णवर्णीय संशोधक शिलाई मशीनची दुरुस्ती करायचा. सुई तापून कापड जळू नये म्हणून तो एका द्रवावर प्रयोग करत होता. त्या द्रवाने कापडाचे तंतू सरळ होतात, हे त्याच्या लक्षात आलं आणि १९१३ मध्ये त्याने केस सरळ करणाऱ्या क्रीमची कंपनीच काढली. पुढे १९२३ मध्ये याच माणसाने ट्रॅफिक सिग्नलचं पेटंट घेतलं, ही आणखी एक भारी गोष्ट.

त्या समाजात सरळ केस म्हणजे नुसती फॅशन नव्हती. नोकरी मिळवण्याचा, ‘नीटनेटकी’ दिसण्याचा तो परवाना होता. कॉमेडियन ख्रिस रॉकची २००९ ची ‘गुड हेअर’ ही डॉक्युमेंटरी बघा. त्यात सोड्याचा ॲल्युमिनियम कॅन रिलॅक्सरमधल्या रसायनात विरघळताना दाखवलाय. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला, की नैसर्गिक केसांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करायचा नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही आणि तो इतिहासही नाही. पण ‘आज केस विंचरले नाहीत का?’ हे वाक्य ऑफिसात ऐकलं नाही, अशी कुरळ्या केसांची एक तरी मुलगी दाखवा! रूममेट पहिल्यांदा पार्लरची पायरी चढली, ती याच वाक्यामुळे.

‘केराटिन करून घ्या ना!’

तुटलेले केस घेऊन आम्ही एका चकाचक सलूनमध्ये गेलो, तेव्हा तिथल्या मुलीने दहा सेकंदांत निदान केलं. ‘मॅम, केराटिन ट्रीटमेंट करून घ्या. सगळं रिपेअर होईल.’ रेट आठ हजार.

रिपेअर? मेलेल्या केसाची खरी दुरुस्ती होत नाही. होतं काय, तर त्यावर एक लेप चढतो, केस गुळगुळीत आणि चमकदार दिसतो. ज्या केराटिन किंवा ‘ब्राझिलियन’ ट्रीटमेंट्स केस महिनोन्महिने सरळ ठेवतात, त्यातल्या अनेकींची खरी करामत फॉर्माल्डिहाइडची असते. क्रीम लावून २०० अंशांच्या वर तापलेला आयर्न फिरवला, की त्याचा वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवलंय. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये केस सरळ करणाऱ्या उत्पादनांतून ते हद्दपार करण्याचा प्रस्ताव अजेंड्यावर घेतला, पण नंतर त्याची तारीख पुढे ढकलली जात राहिली.

मग बाजारात ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ क्रीम्स आली. त्यातल्या काहींत ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची केस मांडली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा तिने सलूनमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. ते त्वचेतून शरीरात जाऊन किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक तयार झाले असावेत, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. उंदरांवरच्या प्रयोगातही तेच दिसलं.

आणखी एक अभ्यास २०२२ चा, अमेरिकेतल्या ३३ हजारांहून जास्त स्त्रियांचा. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा अंदाज १.६४ टक्के निघाला, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. घाबरून जाऊ नका. हा संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही आणि धोका एकूण कमीच आहे. पण ‘वर्षातून चार-पाच वेळा’ हे गणित डोक्यात ठेवायलाच हवं.

सदाशिव पेठेतल्या ताई एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही वर्षातून एकदा येता. आम्ही रोज तो धूर घेतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो. मी तर बंदच केलं ते.’

मग आम्ही काय केलं?

डॉक्टरांनी पहिला नियम घातला, तो पूर्ण बंदीचा. सरळ करणं नाही, कलर नाही, हायलाइट्स नाहीत, आयर्न नाही. तयार काळ्या मेंदीलाही नाही, कारण काही मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि पुढच्या कुठल्याही केमिकलशी त्यांची मारामारी होते.

मग केस धुणं. सौम्य शांपू फक्त टाळूला, लांबीवर प्रत्येक वेळी कंडिशनर. धुण्याआधी खोबरेल तेल. आजीचा फंडा म्हणून नाक मुरडू नका. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना करून पेपर लिहिला. केसातून प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्याचे रेणू छोटे आणि सरळ असतात, केसाच्या आत शिरतात. कंपनी खोबरेलच विकते, हे खरं; पण म्हणून केमिस्ट्री बदलत नाही. मात्र तेलाने तुटलेली पायरी जुळत नाही, पुढची झीज कमी होते, इतकंच.

आणि अंड्याचा पॅक? प्रोटीनचा अख्खा रेणू केसात शिरण्याइतका छोटा नसतो. अंडं खा, लावू नका! ‘हायड्रोलाइज्ड प्रोटीन’ लिहिलेला मास्क पंधरा दिवसांतून एकदा चालतो. २०१४ पासून ‘बाँड बिल्डर’ नावाचा एक प्रकारही बाजारात आलाय. त्याने काही केसांना फरक पडतो, पण खिसा हलका होतो आणि चमत्कार होत नाही.

ओले केस सगळ्यात नाजूक. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुन्या सुती टीशर्टने नुसतं टिपायचं. मोठ्या दातांचा कंगवा टोकापासून वर वर न्यायचा, कारण गुंता नेमका त्या जोडावर असतो. घट्ट पोनीटेल बाद, सैल वेणी पास.

आता खास पुणेरी शत्रू, स्कार्फ आणि हेल्मेट! टू-व्हीलरवर डोक्याला करकचून बांधलेला सुती स्कार्फ कपाळावरचे केस रोज घासतो. रूममेटच्या कपाळाजवळचे केस सगळ्यात आधी तुटले, त्यात रिबाँडिंगइतकाच स्कार्फचाही हात होता. आम्ही आत सॅटीनच्या कापडाचा एक तुकडा घ्यायला सुरुवात केली. हेल्मेट घालायचंच, पण केस पूर्ण वाळल्यावर. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल, तर शेवटची एक बादली तरी फिल्टरच्या किंवा नळाच्या पाण्याची घ्यावी.

शेवटी कात्रीच!

दोन महिन्यांत तुटणं कमी झालं, थांबलं नाही. फाटे फुटलेला केस वर वर चिरत जातो. त्याला कुठलंच सीरम चिकटवू शकत नाही. खांद्याखालचा सगळा सरळ केस काढून टाकायचा, हाच उपाय होता. म्हणजे कुरळी नवी वाढ आणि तिच्याखाली थोडासा जुना केस. मानेपर्यंतचे केस. आणि लग्नाला उरले होते सात आठवडे.

ती दोन रात्री रडली. सासूबाई काय म्हणतील, फोटोत कसं दिसेल, खोपा कशाचा घालणार... तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच सासूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मी शेजारीच बसले होते. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग प्रश्न आला, ‘अगं, मग तुझे केस मुळात आहेत तरी कसे?’ ‘कुरळे,’ ही म्हणाली. ‘मग आधीच सांगायचंस ना! खोप्याचं काय एवढं? गंगावन मिळतं तुळशीबागेत.’

गंगावन मिळालं. तुळशीबागेतच! मुंडावळ्यांखाली कपाळावरचे छोटे कुरळे केस पिनांना दाद देत नव्हते, फोटोतही ते तसेच आलेत. आज तिचे केस खांद्याला टेकलेत, खालची काही सरळ टोकं अजून बाकी आहेत. ती कापायला ती दोन महिन्यांतून एकदा जाते. ऑफिसात एकाने विचारलंच, ‘आज केस विंचरले नाहीत का?’ ‘विंचरलेत, असेच आहेत,’ म्हणून ती मीटिंगला निघून गेली.

सरळ केस आवडतात म्हणून रिबाँडिंग करूच नका, असं मी म्हणणार नाही. ज्याची त्याची आवड! पण करणारच असाल, तर खुर्चीत बसण्याआधी एवढं विचारा.

पार्लरमध्ये विचारायचे पाच प्रश्न

१. क्रीममध्ये काय आहे? डबा हातात घेऊन वाचा. थायो, हायड्रॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड की ग्लायऑक्सिलिक ॲसिड? डबा दाखवत नसतील, तर नको.

२. एका बटेवर आधी टेस्ट कराल का? मागच्या बाजूची छोटी बट पुरते.

३. आधीची ट्रीटमेंट, कलर, मेंदी हे सगळं सांगितल्यावरही करायचंच म्हणतायत का? का?

४. टचअप फक्त नव्या वाढीवरच लावणार ना? त्यासाठी वेळ आहे ना? शनिवारची गर्दी टाळा, मंगळवारी जा.

५. टाळूला जळजळ झाली, तर लगेच धुणार ना? ‘थोडं सहन करा मॅडम’ हे उत्तर नव्हे. टाळूवर जखम, पुरळ किंवा खाज असेल, तर त्या दिवशी जाऊच नका. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि केस तुटायला लागलेच, तर दुसरी ट्रीटमेंट बुक करण्याआधी ओला केस ताणून बघा. च्युइंग गम झाला असेल, तर आठ हजार वाचवा आणि ट्रिमिंगची अपॉइंटमेंट घ्या.